डब्यातील माल्ट अर्कापासून भरीव स्टाउट: साखरेऐवजी काय आणि किती?

उत्तरवारा (लीड्स)

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहते आणि डब्यातील तयार माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) अर्कापासून घरी पेल एल व बिटर या प्रकारच्या बिअर करते. त्या मनासारख्या होतात. आता हिवाळ्यासाठी स्टाउट (भाजलेल्या धान्याची गडद बिअर) करायची आहे आणि त्यासाठी १.७ किलोचा, हॉप्स (बिअरला कडवटपणा व गंध देणारी फुले) आधीच घातलेला स्टाउटचा डबा आणून ठेवला आहे. डब्यासोबतच्या कागदावर एक किलो साखर घालून एकूण २३ लिटर करावे असे लिहिले आहे. याच पद्धतीने केलेली स्टाउट इथल्या परिचितांकडे मी चाखली आहे. तिचा रंग गडद काळा होता, पण घोट अगदी पाणचट, आणि गिळल्यावर मागे फक्त कडवटपणा उरत होता.

मला हवी आहे ती वेगळी स्टाउट: भाजलेल्या दाण्यांचा स्वाद, कडू चॉकलेटची झाक, जिभेवर काही काळ टिकणारा जडपणा आणि वर तपकिरी फेस. माझ्याकडे २५ लिटरची झाकणाची बादली, आठ लिटरचे पातेले, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी) आणि पुरेशा बाटल्या आहेत. खोलीचे तापमान १७ ते १९ अंश असते. सर्व काम धान्यापासूनच सुरू करावे एवढी जागा व भांडी मात्र नाहीत.

जाणकारांनी पुढील गोष्टींवर मार्गदर्शन करावे. साखरेऐवजी काय घालावे आणि किती? दोन डबे एकत्र करावेत का? ओट्स घातल्यास उपयोग होतो असे वाचले, ते कसे घालावेत? आणि पबमध्ये मिळते तशी मलईदार साय बाटलीतील स्टाउटवर आणता येते का?

धान्यकोठार

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

पाणचटपणा डब्यातील अर्कामुळे येत नाही, तो साखरेमुळे येतो. यीस्ट साधी साखर पूर्णपणे खाऊन टाकते आणि मागे केवळ अल्कोहोल राहते. माल्टच्या अर्कातील सुमारे पाव भाग मात्र अशा लांब साखळीच्या शर्करांचा असतो, की त्या यीस्टला पचत नाहीत. घोटाला जो भरीवपणा येतो, तो या न पचलेल्या भागातून येतो. कागदावरील कृतीचा हिशेब करून पाहा. २३ लिटरमध्ये १.७ किलो अर्कामुळे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतील घनता; पाणी १.०००, आणि ०.००१ म्हणजे एक अंश) साधारण २२ अंशांनी वाढते आणि एक किलो साखरेमुळे आणखी सुमारे १७ अंशांनी. म्हणजे सुरुवात १.०३९ च्या आसपास होईल आणि शेवट १.००६ च्या आसपास. १.००६ वर थांबलेली स्टाउट कितीही काळी असली तरी पातळच लागणार.

म्हणून साखर पूर्ण वगळा आणि तिच्या जागी दीड किलो कोरडा माल्ट अर्क घ्या. इंग्लंडमधील दुकानांत तो स्प्रेमाल्ट या नावाने मिळतो. पाणीही कमी करून एकूण २० लिटरच ठेवा. डब्याचे २६ आणि कोरड्या अर्काचे जवळपास २८ असे मिळून १.०५४ होतात. पुढे सांगतो ते दाणे घातले की १.०५७ पर्यंत पोहोचाल. आंबणे संपते तेव्हा काटा १.०१६ ते १.०१८ च्या दरम्यान थांबावा. अल्कोहोल ५ टक्क्यांच्या किंचित वर जाईल. मुख्य लाभ मात्र शेवटच्या आकड्यात आहे, कारण कागदी कृतीच्या तुलनेत सुमारे दहा अंश अधिक माल्ट पेल्यात शिल्लक राहतो.

आता दाण्यांविषयी. अर्कापासून बिअर करणाऱ्यासाठी स्टाउट हा सर्वांत अनुकूल प्रकार आहे असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण इतिहासात सापडते. अठराव्या शतकातील लंडनची पोर्टर ही गडद बिअर तपकिरी माल्टपासून होत असे, म्हणजे रंग, स्वाद आणि शर्करा ही तिन्ही कामे एकाच धान्याकडे होती. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने फिरत्या नळकांड्यात माल्ट काळा होईपर्यंत भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यानंतर फिकट माल्टपासून शर्करा काढायची आणि मूठभर काळ्या दाण्यांतून रंग व स्वाद मिळवायचा, अशी विभागणी झाली. ही विभागणी आपल्याला आयती उपलब्ध आहे. शर्करेचे काम डब्याने आधीच केलेले आहे. काळ्या दाण्यांतील पिष्ट भाजतानाच बदललेले असते, त्यामुळे ते केवळ गरम पाण्यात भिजवले तरी आपला गुण सोडतात.

त्यासाठी २५० ग्रॅम भाजलेली बार्ली आणि २५० ग्रॅम गडद क्रिस्टल माल्ट घ्या. दोन्ही दुकानातूनच भरडून आणा. पीठ नको, दाणा फक्त फुटलेला हवा. फडक्यात सैल पुरचुंडी बांधून तीन लिटर पाण्यात ६५ ते ७० अंशांवर अर्धा तास ठेवा. पाणी ७५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर कोंड्यातील टॅनिन उतरते आणि तुरटपणा येतो. पुरचुंडी उचलून निथळू द्या. मग ते काळे पाणी पंधरा मिनिटे उकळा, कारण दाण्यांवर जंतू असतातच. शेगडी बंद करून त्यात कोरडा अर्क मिसळा. तो वाफेच्या संपर्कात येताच चिकट गोळे धरतो, त्यामुळे चमचा पातेल्यावर धरून ठेवू नका. कोरड्या भांड्यातून एकदम ओता आणि मग ढवळा. डबा आधी गरम पाण्यात ठेवलात तर काकवीसारखा घट्ट अर्क सहज ओतता येतो. डब्यातील अर्क उकळू नका. त्यात हॉप्स आधीच आहेत आणि उकळल्यावर त्यांचा उरलासुरला गंध निघून जातो.

माल्ट वाढल्यामुळे तोच कडवटपणा थोडा दबलेला वाटेल. आपल्याला तो समतोल आवडत नसेल तर २० ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा फगल हॉप्स त्या काळ्या पाण्यात पंधरा मिनिटांऐवजी तासभर उकळा. यातून कडवटपणाचे आठ-दहा एकक वाढतात. माझ्या मते पहिल्या वेळी याची गरज नाही.

यीस्टबाबत काटकसर करू नका. डब्याच्या झाकणाखालची पुडी बहुधा ७ ग्रॅमची किंवा त्याहून लहान असते आणि ती दुकानात किती काळ पडून होती हे कळत नाही. सॅफएल एस-०४ ची ११.५ ग्रॅमची पुडी घ्या. गाळ घट्ट बसतो आणि इंग्रजी एलचा हलका फळांसारखा गंध येतो. यीस्ट घालण्यापूर्वी द्रव २० अंशांच्या खाली आलेला असावा आणि तो जोरात ढवळून त्यात भरपूर हवा मिसळलेली असावी. आंबताना द्रव स्वतःच खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी तापतो, म्हणून आपली १७ अंशांची खोली उत्तम आहे.

दक्षिणवासी (ॲडलेड)

वरील प्रतिसादातील बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे. दोन डब्यांचा प्रश्न मात्र सुटून गेला, तो घेतो, कारण आमच्याकडे ही पद्धत फार रुळलेली आहे.

दोन स्टाउटचे डबे २० लिटरमध्ये घातले तर १.०५२ मिळते आणि दाटपणाही मिळतो. पण हॉप्सही दुप्पट होतात. पहिले दोन महिने अशी स्टाउट इतकी कडक लागते की अनेक जण निराश होऊन ती ओतून देतात. तसे करू नये. तीन-चार महिन्यांनी कडवटपणा उतरतो, भाजका स्वाद गोलसर होतो आणि एक वेगळीच बिअर समोर येते. आपल्याला डिसेंबरमध्ये प्यायची असेल तर हा मार्ग घेऊ नका. पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवायची असेल तर जरूर घ्या, आणि त्यात अर्धा किलो फिकट कोरडा अर्क आणखी घाला, म्हणजे कडवटपणाला तोलून धरायला माल्ट मिळेल. मधला मार्गही आहे: एक डबा स्टाउटचा आणि दुसरा हॉप्स नसलेल्या साध्या माल्ट अर्काचा.

कोरड्या अर्काबाबत एक सूचना. धान्यकोठार यांनी तो कोणता घ्यावा हे सांगितलेले नाही. गडद अर्क घेण्याचा मोह होतो, पण मी फिकटच घेतो. गडद अर्कात कोणते दाणे किती प्रमाणात आहेत हे पाकिटावर क्वचितच स्पष्ट असते, आणि आपण स्वतः भाजलेले दाणे घालणारच असू तर त्या दोन अज्ञात स्वादांची बेरीज करपट होण्याचा धोका असतो. फिकट अर्क घेतला की काळेपणाची सूत्रे आपल्या हाती राहतात.

आमच्या शहरातील कूपर्स ही १८६२ पासूनची कौटुंबिक ब्रूअरी आहे. तिची ६.३ टक्क्यांची बेस्ट एक्स्ट्रा स्टाउट जिथे मिळेल तिथे एकदा शांतपणे चाखावी, फार थंड न करता. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो. भरीव पण गोड नसलेली स्टाउट कशी असते ते या बाटलीतून चांगले समजते, आणि लक्ष्य जिभेवर असले की प्रमाण ठरवणे सोपे जाते.

उत्तरवारा (लीड्स)

दोघांचेही मनापासून आभार. साखरेचा हिशेब आकड्यांत पाहिल्यावर सर्व उलगडले. मी एका डब्याचाच मार्ग घेते आणि कोरडा अर्क फिकट घेते.

दोन शंका आहेत. ओट्स त्याच पुरचुंडीत घालता येतील का? आणि दुधातील साखर घालून केलेली मिल्क स्टाउट हा भरीवपणा वाढवण्याचा सोपा मार्ग आहे का?

धान्यकोठार

फिकट अर्काबाबत दक्षिणवासी यांचे म्हणणे योग्य आहे, तसेच करावे.

ओट्स त्या पुरचुंडीत घालू नका. भाजलेली बार्ली आणि क्रिस्टल माल्ट नुसते भिजवून चालतात, ओट्स चालत नाहीत, कारण त्यांच्यात पिष्ट जसेच्या तसे असते आणि ते शर्करेत बदलणारी विकरे त्यांच्याकडे नसतात. नुसते भिजवल्यास ते पिष्ट बादलीत उतरते, बिअर गढूळ राहते आणि जंतूंना खाद्य मिळते. ओट्स हवेच असतील तर त्यांना मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, म्हणजे फिकट माल्टची सोबत द्यावी लागते. ३०० ग्रॅम चपटे ओट्स आणि ५०० ग्रॅम भरडलेला फिकट माल्ट तीन लिटर पाण्यात ६६-६७ अंशांवर तासभर ठेवा. आपले आठ लिटरचे पातेले यासाठी पुरेसे आहे, फक्त ते जाड रजईत गुंडाळा म्हणजे तापमान टिकेल. शेवटच्या अर्ध्या तासात भाजलेले दाणेही त्यातच घाला. एवढ्याने साधारण नऊ अंश मिळतात, म्हणून कोरडा अर्क दीड किलोऐवजी एक किलो घ्या. ओट्समधील बीटा-ग्लुकन या चिकट तंतूमुळे घोट रेशमी होतो. खर्च एक तास आणि थोडे लक्ष एवढाच आहे, म्हणून मी तरी हे करण्याचा आग्रह धरीन.

मिल्क स्टाउटविषयी सांगायचे तर केंटमधील हाइथ येथील मॅकेसन या ब्रूअरीने १९०७ मध्ये ती बाजारात आणली. दुधातील शर्करा, म्हणजे लॅक्टोज, बिअरच्या यीस्टला पचत नाही आणि ती जशीच्या तशी पेल्यात राहते. २० लिटरमध्ये ३०० ग्रॅम घातल्यास शेवटचे गुरुत्व जवळपास सहा अंशांनी वाढते. पण त्यासोबत गोडवाही येतो, आणि आपण वर्णन केलेल्या स्टाउटमध्ये मला तो दिसत नाही. शिवाय ज्यांना दूध पचत नाही किंवा जे दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य करतात, त्यांना पेला देण्याआधी हे सांगणे आपले कर्तव्य ठरते. गोडवा न वाढवता जडपणा हवा असेल तर २०० ते २५० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (यीस्टला फारशी न पचणारी, जवळपास बेचव पिष्टाची भुकटी) हा अधिक सरळ उपाय आहे, पण ओट्स घातल्यावर त्याचीही गरज उरणार नाही.

सायीचा फेस (डब्लिन)

मलईदार सायीचा प्रश्न कोणी घेतलेला दिसत नाही, म्हणून लिहितो.

पबमधील गिनेस या डब्लिनच्या स्टाउटवर जी साय दिसते ती स्टाउटच्या दाटपणामुळे नसते, वायूमुळे असते. गिनेस ड्राफ्टमध्ये अल्कोहोल सव्वाचार टक्क्यांहून कमी असते आणि ती खरे तर कोरडी व हलकी बिअर आहे. ती जड वाटते याचे श्रेय नायट्रोजनला द्यावे लागते. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत नायट्रोजन द्रवात फारच कमी विरघळतो. अरुंद छिद्रांच्या चकतीतून दाबाने बाहेर पडताना त्याचे अतिशय बारीक बुडबुडे होतात आणि ते एकमेकांत मिसळून लगेच मोठे होत नाहीत. ही पद्धत कंपनीतील गणितज्ञ मायकेल ॲश यांनी १९५९ मध्ये प्रत्यक्षात आणली. पुढे हाच परिणाम डब्यात मिळावा म्हणून १९८८ मध्ये आत वायूचे छोटे पोकळ साधन (विजेट) असलेले डबे बाजारात आले.

साध्या बाटलीत साखर घालून जो वायू तयार होतो तो कार्बन डायऑक्साइडच असतो, त्यामुळे तशी साय बाटलीत येणार नाही. ती हवीच असेल तर लहान पिंप, सुमारे ७० टक्के नायट्रोजन असलेल्या मिश्र वायूची टाकी आणि स्टाउटसाठीची वेगळी तोटी हा संच घ्यावा लागतो, आणि हा खर्च बराच आहे.

निराश मात्र होऊ नका. बाटलीत वायू कमी ठेवला तर स्टाउट मऊ लागते, आणि ओट्स व क्रिस्टल माल्टमधील घटकांमुळे तपकिरी फेसही चांगला टिकतो. २० लिटरसाठी साधी साखर ८५ ते ९० ग्रॅमच घ्या. लागर या प्रकारच्या बिअरला लागते तेवढी साखर स्टाउटला घातली की वायूचा आंबट चरचरीतपणा भाजक्या स्वादावर चढतो आणि एवढ्या कष्टाने मिळवलेला भरीवपणा झाकला जातो. पेला स्वच्छ असावा, साबणाचा अंश राहिला की फेस लगेच बसतो. आणि स्टाउट १० ते १२ अंशांवर प्यावी, कारण त्याहून थंड केल्यास चॉकलेटचा स्वाद जाणवतच नाही.

पर्वतीपायथा (पुणे)

चर्चा अत्यंत वाचनीय आहे. महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक आवश्यक नोंद करतो. इंग्लंडमध्ये १९६३ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना रद्द केला, त्यामुळे तिथे स्वतःच्या वापरासाठी बिअर करणे कायदेशीर आहे. तिची विक्री मात्र परवान्याशिवाय करता येत नाही. आपल्या राज्यात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरते का असेना. परदेशातून येताना कोणी हौसेने डबा आणून दिला तरी हे लक्षात असू द्यावे. इथे ज्यांना ताज्या स्टाउटची आवड आहे त्यांच्यासाठी परवानाधारक मायक्रोब्रूअरी हाच मार्ग आहे.

उत्तरवारा (लीड्स)

सर्वांचे पुन्हा आभार. ठरवलेली कृती लिहिते, काही चुकत असल्यास सांगावे. स्टाउटचा एक डबा, एक किलो फिकट कोरडा अर्क, ५०० ग्रॅम फिकट माल्ट, ३०० ग्रॅम ओट्स, २५० ग्रॅम भाजलेली बार्ली, २५० ग्रॅम गडद क्रिस्टल माल्ट, एस-०४ ची एक पुडी, एकूण २० लिटर. वेगळे हॉप्स नाहीत. आंबवण्यासाठी दोन आठवडे ठेवून नंतर ९० ग्रॅम साखर घालून बाटल्या भरीन.

नळाच्या पाण्याबाबत काही करावे का?

धान्यकोठार

प्रमाण योग्य आहे. चार वेगवेगळ्या गोष्टी तीन लिटर पाण्यात घट्ट होतील, तेव्हा दाणे घालताना पाणी साडेचार लिटरपर्यंत वाढवा आणि फडके मोठे घ्या.

लीड्सचे पाणी बहुतांशी मृदू आहे आणि अर्क तयार करतानाच त्यात क्षार उतरलेले असतात, त्यामुळे क्षार घालण्याची आवश्यकता नाही. क्लोरीन मात्र काढून टाका. तो माल्टमधील घटकांशी संयोग पावला की बिअरला दवाखान्यातील जंतुनाशकासारखा वास येतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. कॅम्पडेनची (सल्फाइट क्षाराची) अर्धी गोळी चुरून २० लिटर पाण्यात मिसळली की काम काही मिनिटांत होते.

“दोन आठवडे” या शब्दांवर मात्र विसंबू नका, हायड्रोमीटरवर विसंबा. अर्काची स्टाउट कधीकधी १.०२० च्या आसपास रेंगाळते. तसे झाल्यास बादली २०-२१ अंशांच्या खोलीत हलवा आणि तळाचे यीस्ट वर येईल इतपत हलकेच गोल फिरवा, झाकण न उघडता. तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मोजमापे तंतोतंत जुळली तरच बाटल्या भरा. नमुन्यातील वायू आधी ढवळून काढा, कारण बुडबुडे नळीला चिकटून ती वर उचलतात आणि काटा खोटा आकडा दाखवतो. काळ्या द्रवात पातळी नीट दिसत नाही, तेव्हा उजेड बाजूने येईल अशा ठिकाणी उभे राहून डोळे द्रवाच्या रेषेत आणा. ही काळजी सुरक्षिततेसाठी आहे. बाटलीत गेल्यावर गुरुत्व चार अंशांनी जरी उतरले तरी वायू ठरवलेल्या प्रमाणाच्या जवळपास दुप्पट होतो आणि काच फुटू शकते.

बादलीत वर पाच लिटरची मोकळी जागा आहे, पण ओट्स आणि एस-०४ यांच्या जोडीने पहिल्या दोन दिवसांत फेस झाकणापर्यंत चढू शकतो. बुडबुड्यांच्या नळीऐवजी सुरुवातीला जाड नळी लावून तिचे टोक निर्जंतुक पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवा आणि बादलीखाली परात ठेवा. बाटल्या भरल्यावर दोन आठवडे खोलीतच ठेवा, मग गारव्याच्या जागी हलवा. पहिली बाटली सहा आठवड्यांच्या आत उघडू नये, कारण भाजलेल्या बार्लीचा करपट तुरटपणा तोवर पूर्ण बसलेला नसतो.